एकट्याला परवडत नाही, दहा जणांना परवडतं : केडगावच्या छोट्या उद्योगांसाठी सामाजिक जबाबदारीचा सोपा हिशेब

सीएसआरचा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे. मग केडगावातलं वर्कशॉप, हॉटेल आणि किराणा दुकान यांनी काय करायचं? उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या दूध संकलनात सापडतं. समजून घेऊया.

केडगावात सकाळी रस्त्यावर थांबलं की दोन गाड्या हमखास दिसतात. एक दुधाची, दुसरी घंटागाडी.

दुधाच्या गाडीची गंमत बघा. एखाद्या शेतकऱ्याकडे पाचच लिटर दूध असतं. तेवढं दूध घेऊन तो पुण्याला गेला, तर दुधापेक्षा पेट्रोलचा खर्च जास्त होईल. पण संकलन केंद्रावर शंभर जणांचं पाच-पाच, दहा-दहा लिटर एकत्र येतं आणि मग टँकर भरून निघतो. फॅट तपासल्याशिवाय भाव ठरत नाही, प्रत्येकाला पावती मिळते आणि ठरलेल्या दिवशी हिशेब होतो. म्हणूनच पाच लिटरवालाही या व्यवस्थेत टिकतो.

आता हाच विचार वर्कशॉपमधल्या जळक्या ऑइलला, वडापावच्या कढईतल्या उरलेल्या तेलाला किंवा दुकानातल्या पुठ्ठ्यांना लावून बघा. प्रत्येकाकडे माल थोडा, त्यामुळे न्यायला कुणी येत नाही. मग तो गटारात, नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर जातो.

छोट्या व्यावसायिकांची सामाजिक जबाबदारी नेमकी इथेच अडते. अनेकांची करायची तयारी असते. एकट्याला ते परवडत नाही, इतकंच.

केडगावातच हा प्रश्न का?

कारण इथे सगळं एकमेकांना खेटून आहे. पुण्याकडून येताना अहिल्यानगर शहराचं दार म्हणजे केडगाव. हमरस्त्यावर हॉटेलं, गॅरेज आणि दुकानं, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोट्या शेड, पलीकडे कांद्याचा नेप्ती उपबाजार, आणि या सगळ्याच्या मधोमध भूषणनगरसारख्या वसाहती. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला गर्दी होते, तेव्हा तर पूर्ण परिसरच बाजारपेठ होतो.

म्हणजे एकाच्या शेडमधून वाहिलेलं ऑइल दुसऱ्याच्या बोअरजवळ मुरतं. एका हॉटेलचं ओलं खरकटं दुसऱ्याच्या दुकानासमोर कुजतं. त्यात हा भाग पर्जन्यछायेचा, त्यामुळे पाणी खराब झालं तर पर्याय म्हणजे टँकर. जबाबदारी टाळण्याची किंमत इथे शेजारीच मोजतो, आणि तो शेजारी आपला ग्राहकही असतो.

सीएसआरचा कायदा कुणाला लागू होतो?

कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात खालीलपैकी एक तरी अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला ते लागू होतं :

• नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा जास्त
• उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा जास्त
• निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा जास्त

अशा कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. सरासरी नफा ६ कोटी असेल, तर वर्षाला १२ लाख.

केडगावातली बहुतेक दुकानं, हॉटेलं, गॅरेज आणि शेड या यादीत कुठेच बसत नाहीत. मालकी हक्काचा किंवा भागीदारीचा धंदा तर कंपनीच नसतो. पण सीएसआर लागू नाही, म्हणून पर्यावरणाचे बाकीचे नियम सुटत नाहीत. पुढे येणारी उदाहरणं वाचताना हे लक्षात असू द्या.

या कायद्यातली छोट्यांच्या कामाची गोष्ट कोणती?

गोष्टी तीन आहेत.

पहिली, दोन किंवा अधिक कंपन्यांना एकत्र येऊन सीएसआरचा प्रकल्प करता येतो. अट एकच : प्रत्येकीला आपापल्या खर्चाचा अहवाल स्वतंत्रपणे देता आला पाहिजे. एकीचे १२ लाख आणि दुसरीचे ८ लाख एकाच कामावर लागू शकतात.

दुसरी, कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायद्यातच म्हटलेलं आहे. नगर शहराच्या एका बाजूला नागापूरची एमआयडीसी आहे आणि पुणे रस्त्यावर सुपे एमआयडीसी. त्यामुळे केडगावच्या व्यावसायिकांनी नीट आखलेलं काम घेऊन या वसाहतींमधल्या कंपन्यांकडे जाण्यात काहीच गैर नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे इशारा. सीएसआरचा पैसा कुणाच्याही खात्यात टाकता येत नाही. काम करणारी संस्था सीएसआर-१ अर्ज भरून नोंदलेली लागते, तिच्याकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, आणि बाहेरची संस्था असेल तर किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभवही लागतो. काल स्थापन झालेल्या मंडळाला हा निधी मिळणार नाही. जुन्या, नोंदणीकृत संस्थेला सोबत घेणं हा जवळचा रस्ता आहे.

आणखी एक. जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामं आणि राजकीय पक्षाला दिलेली देणगी सीएसआरमध्ये मोजली जात नाही. दहीहंडीच्या फ्लेक्सवर कंपनीचं नाव झळकलं, म्हणजे सीएसआर झाला असं नाही.

'आपण छोटे, आपल्याला कोण विचारतंय?'

आता विचारायला लागले आहेत. शेअर बाजारातल्या, बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल देणं सेबीने २०२२-२३ पासून बंधनकारक केलं. अशी कंपनी स्वतःचा हिशेब लिहिते, तेव्हा पुरवठादारांकडे काय चाललंय हा प्रश्न पुढे येतोच.

तिकडे युरोपीय संघाने आयात मालामागच्या कार्बनवर कर लावण्याची व्यवस्था आणली. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम अशा मालासाठी ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देण्याचा टप्पा होता, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. केडगावातली शेड थेट युरोपला माल पाठवत नसेल. पण तिचा ग्राहक किंवा ग्राहकाचा ग्राहक पाठवत असेल, तर वीज किती लागली आणि स्क्रॅप कुठे गेलं, हे प्रश्न साखळीतून खाली येतात. ज्याच्याकडे नोंद नाही, त्याची ऑर्डर धोक्यात येते.

एकत्र येऊन नेमकं काय करता येईल?

झाडं लावण्याआधी करण्यासारख्या चार गोष्टी आहेत. पुढचे आकडे हिशेब समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत.

१. जळकं ऑइल आणि कूलंट

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये इंटर्नशिप केली. लेथचं खराब झालेलं कूलंट तिथे दर शनिवारी बादलीने मागच्या चरात ओतलं जायचं. मी विचारलं तर मालक म्हणाले, "अरे बाबा, वीस लिटरसाठी गाडी कोण पाठवतो?" त्यांचं चुकत होतं, पण प्रश्न खोटा नव्हता.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. तो अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. नगर-पुणे रस्त्यावरच रांजणगावला घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामायिक सोय आहे. अडचण अंतराची नाही, गाडी भरण्याची आहे.

आता हिशेब करा. एका शेडमधून महिन्याला २० लिटर निघतं असं धरलं, तर दहा शेडमधून २०० लिटर, म्हणजे एक पूर्ण बॅरल. त्यासाठी अधिकृत वाहतूकदार महिन्यातून एक फेरी करू शकतो.

इथे एक चूक टाळा. सगळ्यांचं ऑइल एका शेडमध्ये आणून साठवायचं नाही. दुसऱ्याचा घातक कचरा साठवायला वेगळी परवानगी लागते. प्रत्येकाने आपल्याच दारात झाकलेल्या डब्यात ठेवायचं आणि गाडीने दारोदार जाऊन उचलायचं, अगदी दुधाच्या गाडीसारखं. प्रत्येकाची पावती आणि मॅनिफेस्ट वेगळं. परवानगीचे कागद ज्याचे त्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तपासून घ्यायचे.

२. कढईतलं तेल

तळून तळून काळं पडलेलं तेल आरोग्याला घातक असतं. एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली : तेलातले पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले, की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंदही ठेवावी लागते. उरलेल्या तेलापासून बायोडिझेल करता यावं, म्हणून 'रुको' नावाचा उपक्रमही आहे. त्यात अधिकृत संकलक हॉटेलांकडून तेल विकत घेतात.

एका गाड्यावर दिवसाला दोन लिटर तेल उरत असेल, तर त्यासाठी संकलक येणार नाही. पण रस्त्यावरच्या १५ जणांनी ठरवलं, तर दिवसाला ३० आणि महिन्याला ९०० लिटर होतात. इथे तर जबाबदारी पाळल्याचे पैसे मिळतात. शिवाय तेच तेल स्वस्तात विकलं जाऊन पुन्हा कुणाच्या तरी कढईत जाण्याचा धोका टळतो.

३. पिशवी

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ मध्ये आली. एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. तरी पातळ पिशवी बाजारात दिसतेच. का? कारण एका दुकानदाराने ती बंद केली, तर गिऱ्हाईक शेजारी जाईल ही भीती.

एकट्याने चांगलं वागलं की तोटा, सगळ्यांनी वागलं की कुणालाच नाही, असा हा प्रश्न आहे. म्हणून संपूर्ण रस्त्याने एकाच दिवशी पिशवी बंद करायची. परिसरातल्या बचत गटाकडून कापडी पिशव्या एकत्र शिवून घ्यायच्या, अनामत रक्कम घेऊन द्यायच्या आणि कोणत्याही दुकानात परत केली तरी अनामत परत मिळेल असं ठरवायचं. नवरात्राचे नऊ दिवस ही याची उत्तम चाचणी ठरू शकते. गर्दी मोठी, कालावधी ठरलेला, आणि दहाव्या दिवशी उरलेल्या कचऱ्याचं वजन करता येतं.

४. छतावरचं पाणी

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळतं. ५०० चौरस मीटरची शेड, वर्षाचा ५०० मिमी पाऊस, त्यातलं ८० टक्के पाणी हाती लागलं असं धरा. होतात २ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे २० टँकर. दहा शेडचे २०० टँकर. पन्हळी, पाइप आणि फिल्टर यांचं काम दहा जणांनी एकाच ठेकेदाराला दिलं, तर दरही कमी मिळतो. फक्त एक काळजी घ्या : ज्या शेडच्या आवारात ऑइल सांडलेलं असतं, तिथलं जमिनीवरून वाहणारं पाणी बोअरमध्ये सोडू नका. छताचं पाणी वेगळ्या पाइपने न्या.

असं कुठे झालंय का?

झालंय, आणि सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करता येते. १९५० मध्ये लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून छोट्या ऊसउत्पादकांनी एकत्र येऊन ते केलं. पुढे त्याच परिसरात शिक्षणसंस्था आणि रुग्णालय उभं राहिलं. नगर शहरातलं आनंदऋषीजी हॉस्पिटल जैन सोशल फेडरेशन चालवतं. तिथली सवलतीच्या दरातली शिबिरं देणगीदारांच्या मदतीवर होतात. एकत्र येऊन समाजासाठी काम उभं करणं या मातीला नवीन नाही.

लातूरचं उदाहरण जास्त बोलकं आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. त्याच उन्हाळ्यात 'जलयुक्त लातूर' चळवळीत व्यापारी, डॉक्टर, नोकरदार अशा सगळ्यांनी पैसे घातले आणि मांजरा नदीचं सुमारे १८ किलोमीटरचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं काम झालं. जालन्यात घाणेवाडी तलावातला गाळ काढण्यासाठी नागरिक आणि उद्योजकांनी जलसंरक्षण मंच उभा केला. काढलेला गाळ शेतात गेला, तलावात पाण्याला जागा झाली. दोन्हीकडे काम एकच, ठरलेलं आणि डोळ्यांनी मोजता येणारं होतं.

पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करते. घराघरातून दरमहा थोडं थोडं शुल्क घेतलं जातं आणि त्यावर व्यवस्था चालते. मोठ्या देणगीपेक्षा नियमित छोटी वर्गणी जास्त टिकाऊ असते, हे त्यातून दिसतं.

जगात यासाठी डेन्मार्कमधल्या कालुंडबर्ग या छोट्या शहराचं नाव घेतलं जातं. तिथले कारखाने १९७० च्या दशकापासून एकमेकांचं टाकाऊ वापरतात. वीजकेंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यात जाते, वीजकेंद्रातला जिप्सम प्लास्टरबोर्ड बनवायला जायचा. हे केवळ पर्यावरणप्रेमापोटी झालं नाही. पाणी महाग होतं आणि टाकाऊ मालाला गिऱ्हाईक शेजारीच होतं.

मग असे उपक्रम बंद का पडतात?

सुरुवात उद्घाटनाने होते आणि शेवट कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामागची कारणं बहुतेक वेळा हीच असतात :

• काम मोजता येण्यासारखं नसतं. 'पर्यावरण जागृती' झाली की नाही, हे कसं ठरवणार?
• सगळा भार एका उत्साही माणसावर असतो. तो थकला की काम थांबतं.
• पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर येत नाही. पाचशे रुपयांची वर्गणीही संशयाने मोडते.
• रोप लावायला वीस जण असतात, उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी नसतो.
• एकाच रस्त्यावरचे दोन दुकानदार एकमेकांचे स्पर्धक असतात. नियम सगळ्यांना सारखा नसेल, तर प्रामाणिक माणूसच फसतो.

दूध संकलन याच ठिकाणी वेगळं ठरतं. तिथे भरवसा माणसाच्या शब्दावर नाही, मापावर आहे.

आणि आपल्याच शेडमधली माणसं?

सामाजिक जबाबदारी म्हटलं की शाळेत वह्या वाटल्या जातात. चांगलंच आहे. पण वह्या वाटणाऱ्याच्या शेडमध्ये प्रेसवर काम करणाऱ्या मुलाच्या हातात ग्लोव्हज नसतील, तर तो फोटो पोकळ आहे. ईएसआयसी लागू असलेल्या भागात १० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना तिचं संरक्षण मिळायला हवं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

इथेही एकत्र येण्याचा फायदा आहे. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, आग विझवण्याचा सराव, डोळ्यांची आणि कानांची तपासणी या गोष्टी पाच जणांच्या शेडला एकट्याने करणं जड जातं. दहा शेडच्या पन्नास जणांसाठी एका सुट्टीच्या दिवशी ते होऊ शकतं.

सरकारी मदत आहे का?

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी केंद्राची 'झेड' प्रमाणपत्र योजना आहे. झेड म्हणजे दोष शून्य, पर्यावरणावर दुष्परिणाम शून्य. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पायऱ्या आहेत. प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के अनुदान आहे. कांस्य प्रमाणपत्राचा खर्च १० हजार रुपये धरला, तर सूक्ष्म उद्योगाला २ हजार पडतात. प्रमाणपत्र प्रत्येकाचं वेगळं, पण कागद तयार करण्याची माहिती दहा जणांनी एकत्र बसून घेता येते. शिवाय उद्योगांच्या समूहाने मिळून सामायिक सुविधा केंद्र उभारलं, तर त्यासाठीही केंद्राची क्लस्टर योजना आहे.

सुरुवात कशी करायची?

पहिले ९० दिवस एवढंच करा :

१. दहा जण जमवा. शंभरची वाट पाहू नका.
२. एकच काम निवडा. ऑइल, तेल, पिशवी किंवा पाणी.
३. आजचा आकडा लिहा. किती लिटर, किती किलो, किती टँकर.
४. दरमहा सारखी वर्गणी ठरवा. खात्यावर दोघांच्या सह्या, त्याही वेगवेगळ्या धंद्यातल्या.
५. महिन्याच्या शेवटी हिशेब आणि आकडा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. वाईट असला तरी टाका.
६. ९० दिवसांनी आकडा बदलला नसेल, तर पद्धत बदला. बदलला असेल, तर अकरावा माणूस स्वतःहून येईल.

या तीन महिन्यांत उद्घाटन नको, फ्लेक्स नको. नवा आकडा हाती आला, की तोच घेऊन महापालिकेकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा मोठ्या कंपनीच्या सीएसआर विभागाकडे जाता येतं. हातात फोटो घेऊन गेलं तर चहा मिळतो. नोंदवही घेऊन गेलं तर पुढचं बोलणं सुरू होतं.

माझ्या इंटर्नशिपमधल्या मालकांच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. वीस लिटरसाठी गाडी कुणीच पाठवणार नाही. पण शेजारच्या नऊ जणांना विचारून बघा, त्यांच्याकडेही वीस-वीस लिटर पडून असेल.